डोरीन क्लॅपरची सोमवारची विनंती

हॉस्टेटरांच्या कारखान्यात स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं बनतात, आणि डोरीन क्लॅपरच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही दार गाडीत चढत नाही. एकोणीस वर्षं तिचं हेच काम. डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. डावा तळहात लाकडावरून सावकाश फिरवायची आणि कुठे कणभर खरखर लागली की लाल खडूची फुली मारून दार परत. एकदा मालकाच्या जावयानं हौसेनं घासलेली आठ दारं तिच्यापुढे आली. आठांवरही फुल्या. जावईबापूंचा चेहरा पडला, तर म्हणाली, "दार कुणी घासलंय ते माझ्या हाताला कळत नाही, कसं घासलंय तेवढं कळतं." त्यानं पुन्हा पॉलिशपेपरला हात लावला नाही, आणि कारखान्याचं भलं झालं.

वय त्रेचाळीस. नवरा मर्ल सहा वर्षांपूर्वी शेगडीसाठी लाकडं फोडताना छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून घरात ती आणि एक म्हातारा बोका. रविवारी आमच्या मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये ती बायकांच्या खालच्या पट्टीत गायची. आमच्याकडे पेटी नाही, वाद्य नाही, चार पट्ट्यांमध्ये नुसते गळे. तिच्या पुढच्या बाकावर वेंडेल हॉस्टेटर बसायचा. कारखाना त्याचा. दोघं लहानपणापासून एकाच वर्गात बायबल शिकली, म्हणून सगळा कारखाना त्याला अहो-जाहो करत असताना ही एकटी त्याला अरे-तुरे करायची.

वेंडेल वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते. मर्ल गेला त्या हिवाळ्यात डोरीनच्या दारातला बर्फ रोज पहाटे कुणीतरी ढकलून ठेवायचं. तो कोण हे तिला मार्चमध्ये कळलं. वाईट माणसाशी भांडायला काही लागत नाही, दोन शिव्या दिल्या की झालं. चांगल्या माणसाशी भांडताना मात्र जीव जातो.

कारखान्यात दर सोमवारी पावणेसातला, भोंग्याच्या आधी, जेवणाच्या खोलीत प्रार्थना व्हायची. वेंडेलच्या वडिलांनी, म्हाताऱ्या हॅरल्डनं, सुरू केलेली पद्धत. आधी एक गाणं. मग ज्याला काही मागायचं असेल त्यानं उभं राहून मागायचं: बायकोचा गुडघा, भावाची दारू, गाभण गाय. मागणं ऐकून कुणीतरी म्हणायचं, "मी घेतो." म्हणजे त्या माणसासाठी मोठ्यानं प्रार्थना त्यानं करायची. कुणीच घेतलं नाही, तर ती मालकानं घ्यायची. हॅरल्डचा नियम एकच होता आणि तो भिंतीवर पाटीत रंगवलेला होता: इथे मागितलेलं कुणी अडवायचं नाही.

ज्याला सांगायची लाज वाटे, त्याच्यासाठीही सोय होती. हात वर करायचा आणि नुसतं म्हणायचं, "मनातलं आहे." मग कुणी विचारायचं नाही. न विचारता प्रार्थना करायची.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वसंतापासून डोरीन दर सोमवारी हात वर करून म्हणत होती, "मनातलं आहे." आणि बऱ्याचदा वेंडेलच म्हणत होता, "मी घेतो." डोळे मिटून, मनापासून, चार महिने तो देवाकडे मागत होता, की आमच्या या बहिणीच्या वाटेतला जो काही धोंडा असेल तो दूर कर.

धोंडा तो स्वतःच होता. त्याला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या पद्धतीत त्यानं विचारायचंही नव्हतं.

डोरीनचं रक्त थांबत नव्हतं. महिन्यातले अठरा-अठरा दिवस जायचं. कपाटात दोन जादा पँटी, बॅगेत लोहाच्या गोळ्या, आणि दुपारी दाराच्या कडेला धरून उभं राहायची वेळ. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की गर्भाशयात एक तांबी बसवू, साधी नाही, औषधाची. पाच मिनिटांचं काम, रक्त आटोक्यात येईल. मग त्यांनी कॉम्प्युटरवर तिचा विमा पाहिला. त्यात तांबी बसत नव्हती, आणि पदरचे पैसे घालून बसवावी एवढी डोरीनची ऐपत नव्हती.

विमा कारखान्याचा; अमेरिकेत तो मालक काढतो, आणि गर्भ राहू न देणारी साधनं त्यात हवीतच असा सरकारी नियम होता. वेंडेलनं सरकारविरुद्ध कोर्टात जाऊन त्यातून तांबी काढून टाकायला लावली होती. जीव धरला की तो देवाचा, त्याला रुजू न देणारी वस्तू माझ्या पैशानं मी कुणाला देणार नाही, असं त्याचं म्हणणं. कोर्टानं ते मानलं. त्या दिवशी चर्चमध्ये लोक उभे राहून गायले होते. डोरीनही गायली होती, खालच्या पट्टीत, पूर्ण आवाजात.

पुढे सरकारनं मधली वाट काढली. मालकानं दोन ओळींच्या कागदावर सही करायची, की माझ्या धर्मात हे बसत नाही. मग विमा कंपनी स्वतःच्या खिशातून बायकांना ते देणार, मालकाच्या पैशाचा संबंध नाही. कागद वेंडेलच्या टेबलाच्या खणात पडून होता. सही नव्हती.

"दुसरा उपाय आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भाशयच काढून टाकायचं. त्याला तुमचा विमा सगळे पैसे देतो."

डोरीननं विचारलं, "म्हणजे पाच मिनिटांच्या कामाला नाही, आणि आख्खी पिशवी कापून टाकायला हो?"

"हो."

तिची आई चव्वेचाळीसाव्या वर्षी याच ऑपरेशनला गेली होती. गेली ती परत आली नाही. डोरीननं तरीही वीस नोव्हेंबरची तारीख घेतली, कारण रक्त तर थांबवायला हवं होतं. घरी येऊन बोक्याला खायला घातलं आणि मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली.

सप्टेंबरात एका शुक्रवारी ती वेंडेलच्या ऑफिसात गेली. बसली नाही.

"वेंडेल, माझं जे मनातलं आहे ना, ते तुझ्या खणात आहे."

तिनं सगळं सांगितलं. त्याचे कान लाल झाले. तो भला माणूस, बायकांच्या या गोष्टी त्यानं कधी तोंडावर ऐकल्या नव्हत्या.

"डोरीन, मला फार वाईट वाटतंय. तू ऑपरेशन करून घे. सहा आठवडे पूर्ण पगार देतो. जेवणाचे डबे आमची रूथ घरून पोचवेल."

"मला डबे नकोत. सही कर."

"सही केली की माझ्याच सहीनं ते सुरू होतं. तुला कळत कसं नाही? बंदूक मी चालवली काय आणि चालवणाऱ्याला बोटानं खूण केली काय."

"बंदूक? अरे, मी विधवा बाई आहे! माझ्या घरात पुरुष म्हणून एक बोका आहे, आणि त्यालाही डॉक्टरकडे नेऊन आणलाय. कुठला जीव रुजतोय माझ्यात?"

"प्रत्येकीचं कारण मी कसं तपासत बसू? ते माझं काम नाही."

"तेच म्हणतेय मी. नाहीच तुझं काम. तपासू नकोस, सही कर."

"माझी सदसद्विवेकबुद्धी मला करू देत नाही," तो म्हणाला, आणि हे बोलताना तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"ठीक आहे," डोरीन म्हणाली. "आता माझीही जरा ऐक."

सोमवारी गाणं संपलं. डोरीन उभी राहिली. तिची मैत्रीण मिम, शेजारच्या टेबलावर दारांना बिजागऱ्या लावणारी, हळूच म्हणाली, "मनातलं ना?"

"नाही. आज तोंडातलं."

आणि चाळीस माणसांसमोर, त्यात पंचवीस पुरुष, ती बोलली. "मला महिन्यातले अठरा दिवस रक्त जातं. तांबी बसवली तर थांबेल. नाही बसवली तर वीस नोव्हेंबरला माझं गर्भाशय काढतील. माझी आई त्यातच गेली. वेंडेलच्या खणात एक कागद आहे. त्याच्या हाताला त्या कागदावर सही करायचं बळ मिळो, ही माझी विनंती आहे."

पुरुष आपापल्या बुटांकडे बघत होते. लोवेल, माल उचलायची गाडी चालवणारा, सावलीलाही दचकणारा माणूस, त्याच्या हातातला केकचा तुकडा तसाच राहिला.

"कोण घेतं?" डोरीननं विचारलं.

कुणी घेतलं नाही. मिमसुद्धा नाही. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस याच विम्यावर चाललं होतं. मग नियमाप्रमाणे ती विनंती मालकाकडे गेली. वेंडेलनं टोपी काढून छातीशी धरली, दोनदा खाकरला आणि म्हणाला, "देवा, आमच्या बहिणीला... तुझ्या इच्छेप्रमाणे शांती दे. आमेन."

"मी शांती मागितली नव्हती," डोरीन म्हणाली. तेवढ्यात भोंगा झाला.

जेवणाच्या सुट्टीत मिमनं तिला गाठलं. "अगं बाई, लाज कशी वाटली नाही तुला? पुरुषांपुढे!"

"वाटली की. पण गाईच्या गर्भाशयासाठी मागच्या सोमवारी यांनीच पंधरा मिनिटं प्रार्थना केली, तेव्हा कुणी लाजलं नाही."

मिम हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "मला घेता आली नाही गं."

"माहितेय मला. तुझ्या नवऱ्याला जपायचंय तुला. डबा खा."

दुसऱ्या सोमवारी डोरीन पुन्हा उभी राहिली. तेच शब्द. तिसऱ्या सोमवारी तेच. कुणी म्हणालं, ही बाई चळली. कुणी म्हणालं, नवरा नसला की असं होतं. चर्चमधून दोघे वडीलधारे घरी येऊन बसले, आणि नम्रता या विषयावर तासभर बोलले. तिनं त्यांना पाय कापून दिला, सफरचंद भरून भाजतात तो, आणि शेवटी विचारलं, "नम्रतेनं रक्त थांबतं का?" त्यांनी पाय मात्र संपवला.

दर सोमवारी कुणी घेत नव्हतं आणि दर सोमवारी ती विनंती वेंडेलकडेच जात होती. आपल्याच हाताला बळ दे, असं आपल्याच तोंडानं देवाला सांगायचं. तो दर वेळी आडवळणानं सुटायचा, पण दर वेळी त्याचा आवाज आदल्या खेपेपेक्षा बारीक व्हायचा. ऑक्टोबरात तो वाळला. मला त्याची कीव येत होती, हे कबूल करते. डोरीनलाही येत होती. म्हणून तिनं एक शब्दही कमी केला नाही.

सातव्या सोमवारनंतर बुधवारी फलकावर चिठ्ठी लागली. यापुढे सोमवारची प्रार्थना बंद. खाली वेंडेलची सही.

लोक चिठ्ठीसमोर गोळा झाले. अडतीस वर्षं चालत आलेली प्रार्थना. मंदी आली तेव्हा बंद पडली नव्हती. गोदामाला आग लागली त्या आठवड्यात अंगणात उभं राहून केली होती. आपल्या धंद्यात आपला देव राहावा म्हणून जो माणूस सरकारशी कोर्टात लढला, त्यानंच देवाला जेवणाच्या खोलीतून बाहेर काढलं होतं. मला तर हसावं की रडावं कळेना.

डोरीननं चिठ्ठी वाचली आणि सहीवरून तळहात फिरवला. "सही करता येते की याला," ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं दवाखान्यात फोन करून वीस नोव्हेंबरची तारीख रद्द केली. पलीकडच्या बाईनं विचारलं, पुढची कधीची देऊ? डोरीन म्हणाली, "देऊ नका. मी दुसऱ्या इलाजाची वाट बघतेय." आणि तिनं फोन ठेवला.

सोमवारी पावणेसातला जेवणाच्या खोलीचा दिवा लागलेला होता. डोरीन आपल्या नेहमीच्या जागी उभी. कुणी कॉफी घ्यायला आलेलं, कुणी कपाट उघडत होतं, सगळे तिच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. तिनं गाणं धरलं. खालची पट्टी एकटी ऐकायला विचित्रच लागते, मधला भाग आहे आणि गाणं नाही. एक कडवं ती तशीच गायली. दुसऱ्या कडव्याला मिमनं वरची पट्टी धरली. मग मागून कुणाचा तरी खर्ज लागला. आमच्या लोकांचं असं आहे, की चार पट्ट्यांतली एक रिकामी राहिली तर आम्हाला झोप लागत नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत खोली भरली होती.

वेंडेल दारात येऊन उभा होता. कोट अंगावर, किल्ल्या हातात.

डोरीननं त्याला पाहिलं, आणि तेच शब्द बोलली. अठरा दिवस. तांबी. कागद. फक्त एक बदल केला: "वीस तारीख मी रद्द केलीय. माझं गर्भाशय माझ्याजवळ राहणार. रक्त जायचं ते जाईल, पण हे मी असं देणार नाही. वेंडेलच्या हाताला सही करायचं बळ मिळो. कोण घेतं?"

वेंडेलनं मान खाली घातली. आपल्यावरच येणार हे त्याला माहीत होतं, आणि प्रार्थना बंद केलेल्या माणसानं ती कशी करायची, हे त्याला कळत नव्हतं.

"मी घेतो."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. लोवेल होता. चेहरा पांढराफटक. त्यानं आयुष्यात कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती, त्याच्या लग्नातसुद्धा त्याच्या वतीनं भाऊ बोलला होता.

"देवा," लोवेल म्हणाला आणि अडकला. बराच वेळ अडकला. "देवा, ह्यांना सही करू दे. आमेन."

"मी पण घेते," मिम म्हणाली.

वेंडेलचा हात सवयीनं वर गेला होता आणि टोपी छातीशी आली होती. चिठ्ठी लावणाऱ्या त्या हाताला प्रार्थना बंद झाल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. तो काहीतरी बोलायला गेला. पाटीकडे पाहिलं, मागितलेलं कुणी अडवायचं नाही, वडिलांच्या हातची अक्षरं, आणि टोपी तशीच छातीशी धरून ठेवली.

भोंगा झाला. डोरीननं कपाटातून लाल खडू काढून खिशात टाकला आणि त्याच्या अगदी समोरून जाताना थांबली.

"प्रार्थनेला कुलूप तू लावलंस, वेंडेल. किल्ली आमच्याकडेही आहे. पुढच्या सोमवारी पावणेसातला माझी हीच विनंती असेल, आणि त्याच्या पुढच्याही. टोपी काढून ये."

मग ती आपल्या टेबलाशी गेली, कडेला धरून क्षणभर उभी राहिली, आणि पहिल्या दारावर हात ठेवला.