मागचं माउंटिंग आणि सासूबाई

आमची छोटी जुनी गाडी उभ्या जागी थरथरायची, हे मी नाकारत नाही. सिग्नलला थांबलो की शेजारच्या गवळ्याच्या किटलीत लोणी यायचं. एकदा बाजीराव रस्त्यावर एका सद्गृहस्थांची कवळी निसटून पडली, आणि ते तर समोरच्या फुटपाथवर उभे होते. पण इंजिनाचा दोष नव्हता. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं, त्या माउंटिंगचा भुगा झाला होता, एवढंच.

गाडी मूळची सासऱ्यांची. ते गेल्यावर कागदोपत्री सासूबाईंची, चालवायला माझी. सासूबाई तिला गिरणी म्हणायच्या. मी आणायला गेलो की गाडीत पिशव्या ठेवायच्या आणि स्वतः मागून रिक्षाने यायच्या. शेवटी मेहुण्याने हिंजवडीतल्या ऑफिसात बसल्याबसल्या भंगारवाला ठरवला. बायकोने रडतखडत एवढीच सवलत मिळवली, की दसऱ्याला मी सासूबाईंना गाडीतून चतुःशृंगीला न्यायचं. हाडं शाबूत घेऊन परतल्या तर गाडीला झेंडूचा हार, नाहीतर त्याच संध्याकाळी भंगार. निकाल सासूबाई देणार. म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता.

नाना पेठेत रबरं मिळाली. दुकानदार म्हणाला, पुढची दोन कुणीही बसवेल, मागच्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. मी म्हटलं, बघू. उतरवायला वेळ कुणाकडे होता? दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे माझे पाने-पक्कड हळदीकुंकू लावून पूजेत बसणार, त्यांना हात लावायची सोय नाही. जे काय करायचं ते आजच.

पार्किंगमध्ये गाडीखाली जॅक लावला, जॅकवर जेवायचा पाट ठेवला आणि इंजिन अलगद उचललं. पुढची रबरं अशी बसली, जणू माहेरी आली. मागचं मात्र सायलेन्सरचा पाइप आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत, जिथे मुंगीसुद्धा कूस बदलू शकणार नाही. रबर कसंबसं सरकवलं, वरून बोल्ट सोडला. आता खालून नट लावायचा, तोही न बघता. माझा हात मनगटापर्यंत जाऊन अडकायचा. नट पडायचा. ग्रीसने चिकटवला, पडला. कणकेच्या गोळीने चिकटवला, कणकेसकट पडला. तोवर अर्धी शनिवार पेठ सल्ला द्यायला जमली. एका पेन्शनर काकांनी सगळं नीट पाहून, ही गाडीच मुळात दुरुस्त करण्यासारखी नाही, असं सांगितलं आणि नंतर तासभर हलले नाहीत.

सणासाठी आमच्याकडे आलेल्या सासूबाई गाडीचा अंत्यविधी बघायला खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर कापूस घेऊन. नजर माझ्या फजितीवर, आणि बोटं आपली वाती वळतायत. एकदाही खाली बघितलं नाही. एकेक वात सरळसोट, फुलाच्या देठासारखी.

मी गाडीखालून बाहेर आलो.

"आई, एक नट लावता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं.

"हात कशाने धुवायचा ते आधी सांगा, जावईबापू."

"डाळीच्या पिठाने."

पदर खोचून त्या चटईवर आडव्या झाल्या. हात आत गेला, मनगट गेलं, कोपर गेलं. डोळे पार्किंगच्या छताकडे. पेन्शनर काकासुद्धा गप्प झाले, आणि हे पेठेत फारसं घडत नाही.

"लागला," सासूबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, नट फिरवता फिरवता, "ह्यांनी आयुष्यभर बॉनेटला हात लावू दिला नाही. तुला जमायचं नाही, म्हणायचे. आणि आत आहे काय, तर लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढं काम."

मी लांब पान्याने नट आवळला आणि जॅक काढला. किल्ली फिरवली, तर काही ऐकूच येईना. काका म्हणाले, बंद पडली. मी त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला, तेव्हा कुठे इंजिन चालू असल्याचं त्यांना मान्य झालं. आवारातली मांजर येऊन चालत्या गाडीच्या बॉनेटवर झोपली, ती थेट आरतीला उठली.

आता मला चिंता नव्हती. ज्या न्यायाधीशाच्या नखात ग्रीस आहे, तो विरुद्ध निकाल देत नाही.

दसऱ्याला चतुःशृंगीला गेलो. येताना सासूबाईंनी उगाचच गाडी डेक्कनवरून घ्यायला लावली, आणि प्रत्येक सिग्नलला, "बघा, हलतेय का?" असं मलाच विचारलं. घरी पोचलो तर मेहुणा आणि भंगारवाला टेम्पो लावून उभे. सासूबाईंनी काच खाली केली.

"गाडी द्यायची नाहीये," त्या मुलाला म्हणाल्या. "तुमच्या हिंजवडीत इतके इंजिनिअर आहेत, एकाला तरी मागचं माउंटिंग बसवता येतं का, विचार."

भंगारवाल्याला आपट्याची पानं मिळाली. गाडीला हार सासूबाईंनी स्वतः घातला, बॉनेट उघडून, इंजिनालाच.

ही हकीकत त्या हल्ली भिशीत सांगतात. त्यांच्या सांगण्यात माझ्या वाट्याला फक्त बॅटरी धरायचं काम आलंय. मीही मान डोलावतो. गाडीची किल्ली माझ्याच खिशात असते.