अन् त्यांच्यासंगची बाई

शेषराव आता कोणत्याच जोडीचा अंदाज सांगत नाही. रिंगचे सामने जवळ आले की अकोल्याच्या जुन्या शहरातली माणसं मोर्णा नदीचा पूल ओलांडून त्याच्या घरी येतात, ओट्यावर बसतात, चहा पितात अन् यंदा कोणाची जोडी वर, ते खोदून खोदून विचारतात. तो म्हणतो, "मले नाही समजत आता त्यातलं." लोकांना वाटतं, भाव खातो. भाव कसला खातो, त्याला लाज वाटते. कशाची ते मला पक्कं माहीत आहे, कारण त्या संध्याकाळी मी मैदानावर त्याच्या सासूच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

मी माणिकबाई. मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवते. माझं तोंड फाटकं आहे असं आमच्या हेडबाई म्हणतात, म्हणोत बापड्या. शेषरावची बायको मैना माझ्याच शाळेत चौथीला शिकवते, अन् तो बांधकाम खात्यात कारकून. आमची घरंही एका गल्लीत. त्यामुळे त्या घरात भाजी कोणती शिजली तेही मला न विचारता कळतं.

रिंग म्हणजे रबराची कडी. मधात जाळी बांधायची, इकडून फेकायची, तिकडून एका हातानं झेलायची अन् त्याच हातानं लगेच परत टाकायची. हवेत डगमगली की गुण गेला. अकोला-अमरावतीकडं दरवर्षी संक्रांतीनंतर जोड्यांचे सामने होतात, आणि जोडीत एक बुवा अन् एक बाई पाहिजेच, असा नियम. सुरुवातीला लोक नुसते बाया खेळताना पाहायला यायचे, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू खेळ पाहू लागले.

ते पाहायला शिकवलं शेषरावनंच. सामने सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो मैदानावर भोंग्यासमोर उभा राहायचा अन् एकेका जोडीचं सांगायचा, कोण कुठवर जाईल, कोण कशानं पडेल. त्याआधी महिनाभर सायकल हाणत सगळ्यांचा सराव पाहून यायचा, अमरावतीला एसटीनं जायचा. लोक फुटाणे बांधून ऐकायला यायचे. सामन्यापेक्षा गर्दी त्या संध्याकाळी जास्त. अन् अंदाज बहुतेक खरा निघायचा.

त्याची पाहायची रीत वेगळी होती. तो म्हणायचा, "हात नोका पाहू. बाईच्या वाट्याची रिंग बुवा मधात घुसून झेलते का, ते पाहा. घुसला की समजा ती जोडी गेली. त्याले तिच्यावर भरवसाच नाही, तं ती खेळंल कशी?" हे ऐकून बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मलाही तो माणूस तेव्हा फार आवडायचा, उगाच नाही कशाला म्हणू.

माणूस होताच तसा. छप्पन साली आम्ही सगळे नागपूरला जाऊन आलो, बौद्ध झालो. परत आल्यावर शेषरावनं घरातले देव मोर्णेत सोडले, उपास बंद केले, नवससायास बंद केले. बायको लग्नात आली तेव्हा सातवी शिकलेली. तिला पुढं शिकवली, मास्तरीण केली. त्याच्या मायनं आदळआपट केली, पण हा हलला नाही. सभेत उभा राहून बायकांच्या बरोबरीवर असा बोलायचा की म्हाताऱ्याही मान डोलवायच्या. जुनं म्हणून जे जे दिसलं ते त्यानं घरातून काढलं. एक तेवढं राहिलं. त्याच्या तोंडून 'मैना' हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. हाक मारायची तर "अवं", नाहीतर "धर्मपालची माय". त्याचा बाप बायकोचं नाव घेत नव्हता, माझा नवरा माझं घेत नाही. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा मलाही वाटलं नाही.

त्या वर्षी शाळेच्या जोडीत मैनाचं नाव लागलं. संगं आमचे बुधाजी मास्तर, पोरींची कवायत घेणारे, पिकल्या मिशांचे, म्हणून कोणाला काही बोलायला जागा नव्हती. पावसाळ्यापासून मैना शाळा सुटल्यावर थांबून खेळायची. पदर खोचून उभी राहिली की ती वर्गातली मैना वाटायचीच नाही. रिंग कुठूनही येवो, हिचा हात तिथं हजर.

एक दिवस मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता माझ्याशेजारी येऊन बसली.

"रात्री हे काय म्हणाले माहीत आहे का? म्हणाले, तुमची जोडी शेवटच्या सामन्यापर्यंत जाते. मास्तर तुह्या वाट्याची रिंग हिसकत नाही अन् तू घाबरत नाही."

"मग, बरोबरच आहे," मी म्हटलं.

"हेच आता भोंग्यातून सांगतील. सगळ्यांसमोर. माय येऊन राहिली ऐकाले."

तिची माय चतुराबाई अंजनगावची. पानमळ्यात मजुरी करत जन्म गेला, लेकीला सातवीपर्यंत शिकवलं ते त्याच्यातच. लेकीचं नाव पाच माणसांत कोणी घेतल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. मैनाला कप-बिप काही नको होतं. मायच्या कानावर ते नाव भोंग्यातून पडावं, एवढंच तिला हवं होतं. तिनं माझ्याजवळ तसं स्पष्ट बोलून दाखवलं.

ती संध्याकाळ आली. चतुराबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून माझ्याजवळ बसली. मैना बाकीच्या खेळाडू बायांसंगं जाळीपाशी उभी. शेषराव भोंग्यासमोर आला अन् रंगात बोलू लागला. तार ऑफिसच्या लीलाबाईचा डावा हात कसा फसवा आहे, ते सांगितलं. अमरावतीच्या मनकर्णाबाई भारी, पण त्यांच्यासंगचा बुवा लवकर दमते, म्हणून ती जोडी अर्ध्यात थांबंल, असं सांगितलं. मूर्तिजापूरची जोडी कच्ची. लोक खूश.

मग तो म्हणाला, "आता शाळेची जोडी. बुधाजी मास्तर. अन्..."

अन् तो अडला. मी त्याच्याकडं पाहून राहिले. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. भोंग्यातून नुसता त्याचा श्वास ऐकू आला. बाकीच्यांच्या बायकांची नावं तोंडातून पाण्यासारखी गेली होती, अन् स्वतःच्या बायकोचं येईना. लोकांच्या ध्यानात यायला काय वेळ लागते? मागून कोणीतरी बोललं, "उखाणा घ्या, शेषराव, उखाणा." झालं. सगळं मैदान हसायला लागलं. लग्नातल्यासारखं एका सुरात सुरू झालं, नाव घ्या, नाव घ्या. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले. खोटं कशाला सांगू.

शेषराव कानापर्यंत लाल झाला. नाव घेतलं तर बायकोचं कौतुक करते म्हणून हसतील, वर नेऊन ठेवलं तर घरचं म्हणून ठेवलं म्हणतील, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं असणार. तो घाईघाईनं म्हणाला, "अन् त्यांच्यासंगची बाई. ही जोडी पहिल्याच फेरीत बाद." अन् लगेच दवाखान्याच्या जोडीवर गेला.

हसणं थांबलं. मी जाळीकडं पाहिलं. मैना हातातल्या रिंगकडं पाहत उभी होती.

चतुराबाईला भोंग्यातलं अर्धं समजलं नव्हतं. ती माझा हात हलवून विचारत होती, "मैनाचं नाव कधी येते बाई?" मी म्हटलं, "आलं ना." ती म्हणाली, "मले नाही ऐकू आलं." मग शेवटच्या जोडीचं होईपर्यंत ती कान देऊन बसून राहिली. त्या बाईशेजारी बसायची मला इतकी लाज वाटली की उठून जावंसं वाटलं, पण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. समोर मूर्तिजापूरची तीच कच्ची जोडी. मैना रिंग आली की घाईनं परत फेकायची. रिंग हातातून सुटली की डगमगायची अन् पंच हात वर करायचा. बुधाजी मास्तर म्हणत होते, "सावकाश, पोरी, सावकाश." पण ती कोणाचं ऐकत नव्हती. दोघं हरले. पहिल्याच फेरीत.

अन् मग जे झालं ते मला अजून सहन होत नाही. लोकांनी शेषरावला घेरलं. काय अंदाज आहे, म्हणे. घरच्यालेही सोडलं नाही, म्हणे. सामन्यांच्या मंडळाचे अध्यक्ष भोंग्यावर गेले अन् असा निःपक्षपाती माणूस आपल्याला लाभला म्हणून त्याची स्तुती केली. टाळ्या पडल्या. शेषराव मान खाली घालून त्या टाळ्या घेत उभा राहिला, अन् मैना त्याच गर्दीतून मायच्या हाताला धरून घरी गेली.

रस्त्यात त्यानं मला गाठलं.

"माणिकबाई, मी खोटं बोललो. माहा अंदाज तो नव्हताच."

"मग काहून बोलले?"

"लोक हसून राहिले होते. मले वाटलं, हसणं थांबलं पाहिजे."

"थांबलं ना मग," मी म्हटलं, अन् पुढं चालू लागले. मला राग आला होता, अन् मीही हसले होते म्हणून तो जास्तच आला होता.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. मैना स्वयंपाक करायची, शाळेत यायची, धर्मपालचा अभ्यास घ्यायची. रिंग तिनं शाळेच्या कपाटात ठेवली ती परत काढली नाही. शेषराव अंगणात खाली मान घालून बसायचा. एकदा त्यानं आतल्या आत पुटपुटून पाहिलं, मी कुडाआडून ऐकलं, "मैना." पण ती आतून आली तेव्हा म्हणाला, "अवं, पाणी दे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मैना माहेरी गेली. माझं माहेरही अंजनगावचं, म्हणून मीही संगं होते. आठ-दहा दिवसांनी, ऐन उन्हात, शेषराव एसटीतून उतरून चतुराबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला. मी अन् मैना दारात तांदूळ निवडत होतो. चतुराबाईनं खाट टाकली, पाणी आणलं. तो बसला नाही. भोंग्यासमोर उभा राहायचा तसा दोन्ही हात मागं बांधून उभा राहिला, अन् मोठ्यानं म्हणाला, "शाळेची जोडी. बुधाजी मास्तर अन् मैनाबाई. मैनाबाईचा हात चुकत नाही. मैनाबाई शेवटच्या सामन्यापर्यंत जाते. हा माहा अंदाज होता."

अंगणात आम्ही तिघी अन् एक बकरी. शेजारच्या घराला कुलूप.

चतुराबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग पाण्याचा तांब्या त्याच्या हाती दिला अन् म्हणाली, "हे मले माहीत हाये, जवाईबापू. हे तिथं सांगाचं होतं."

"पुढच्या वर्षी तिथं सांगतो, माय. पहिलं तिचंच नाव घेतो."

मैनानं सुपातून मान वर केली नाही. खडा काढून बाजूला टाकला अन् म्हणाली, "पुढच्या वर्षी मी खेळत नाही."

तो तांब्या घेऊन खाटेवर बसला. पाणी मात्र प्यायला नाही.