धनाजीनं घातलेला हार

विट्याच्या धनाजीनं कोइमतूरला उभी हयात सोनं गाळलं. भट्टीच्या धगीनं भुवया झडल्या, पण गावात बंगला झाला, दारात पांढरी फॉर्च्युनर आली. एवढं सगळं इंद्रजितच्या एका जुन्या गाडीनं मातीमोल केलं.

हिरवी, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार, आजोबांच्या वयाची. एका चहामळेवाल्याकडं ती आधी धनाजीनंच पाहिली होती. "बसणार दोघं, मग आईला काय डिकीत घालू?" असं म्हणून हसून सोडून दिली. शेजारच्या भट्टीवाल्या, गावच्याच इंद्रजितनं ती घेतली नि विट्याला आणली. तेव्हापासून गावात फॉर्च्युनरकडं कुणी ढुंकून बघेना.

दसऱ्याला दोघं आपापल्या गाड्या घेऊन औंधच्या यमाईला निघाले. धनाजीनं हिरवीसाठी झेंडूचा हार आणला होता, बैलाच्या मानेएवढा जाड. तिची पुढची चकचकीत जाळी त्यानं हारानं पुरती झाकून टाकली. निदान तोंड तरी दिसायला नको.

"लय केलंस गड्या," इंद्रजित भारावून म्हणाला.

जाळीला वारा लागेना. औंधच्या डोंगराचा चढ सुरू झाला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी थांबली. धनाजीच्या जिवाला थंडावा मिळाला.

"म्हातारी दमली व्हय रं?"

"चेष्टा नगं. दोर लाव, वर वढून ने."

"नेतो की. पण माझी गाडी तू चालव. हिचं स्टेअरिंग मी धरतो."

बंद गाडीत, जमिनीला टेकल्यागत, धनाजी बसला. लाकडी स्टेअरिंग तळहाताला गुळगुळीत लागलं. वळणावर माणसं थांबली, मोबाइल निघाले. एक फेटेवाला ओरडला, "पावणं, गाडी झ्याक हाय!" धनाजीनं ऐटीत मान डोलावली. पुढचा दोर तेवढा कुणाला दिसू नये, एवढंच त्यानं यमाईला मागितलं.

वर पोचल्यावर इंद्रजितनं हार काढला, गाडी निवू दिली, पाणी ओतलं. मग आत बसून राहिलेल्या धनाजीवरनं वाकून किल्ली फिरवली. हिरवी गुरगुरत जागी झाली.

"उतर की आता."

"थांब जरा. गरम हाय अजून."

"इंजिन का तू?" इंद्रजित हसला. हार त्याच्या हातात देत म्हणाला, "ह्यो तुझ्या गाडीला घाल. हिला झेपंना."

धनाजी उतरला. फॉर्च्युनरला हार बांधत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी मोबाइल धरून हाक मारली.

"आवं, ती पांढरी जरा बाजूला घ्या की! हिरवीचा फोटू येईना."