केळुसकरांचं सातवं कलम

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये त्र्यंबक केळुसकरांच्या शेजारी जेवायला बसायचं म्हणजे जर्मन आरमार ऐकायची तयारी ठेवायची. माणूस तेलाच्या पाइपलाइनी आखण्यात एकतीस वर्षं घालवलेला, आता रिटायर्ड, बायको प्रतिमा जाऊन पंधरा वर्षं झालेली. दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, कैसरच्या काळातलं नौदल. त्यातही लढायांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता कायद्यात.

"जहाजं कोणीही बांधेल हो," ते समोरच्याची आमटी गार होईपर्यंत सांगत. "अठराशे अठ्ठ्याण्णव साली त्यांनी काय केलं? युद्धनौका किती हव्यात तो आकडाच कायद्यात घातला. एकोणीस. आणि प्रत्येक नौकेचं वय ठरवून टाकलं, पंचवीस वर्षं. वय झालं की तिच्या जागी नवी, आपोआप. नौदलाला दरवर्षी संसदेपुढे तोंड वेंगाडायला नको. दोनच वर्षांनी एकोणिसाचे अडतीस केले."

"मग पुढे?" एखादा भिडेखातर विचारी.

"पुढे इंग्लंडनं जास्त बांधली," एवढंच सांगून ते भाताकडे वळत. तो भाग त्यांना फारसा आवडत नसे.

वीस वर्षांपूर्वी ब्रेझोस मराठी मंडळाची घटना लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. मंडळात तेव्हा दर निवडणुकीला भांडणं होत, खुर्ची धरून बसलेल्याला ऊठ म्हणायची कोणाची छाती होत नसे. केळुसकरांनी सातवं कलम लिहिलं: कुठलंही काम एका माणसाकडे पंधरा वर्षांपेक्षा जास्त राहणार नाही, मुदत भरली की तो आपोआप मोकळा, मतदान नाही, चर्चा नाही. ते बदलायचं तर हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांश हात वर हवेत. स्वारी खूश होती. कोणाला दुखवायला नको आणि कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

कलम पहिल्यांदा लागू झालं ते तीन वर्षांपूर्वी, सुलभा दाभाडे यांना. दरवर्षी मुलांचं एक नाटक त्या स्वतः लिहीत, बसवत, आणि इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या पोरांकडून दीड तास मराठी बोलवून घेत. पंधरा वर्षं भरली आणि जानेवारीच्या यादीत नाटकापुढे दुसऱ्याच बाईंचं नाव छापून आलं. मतदान नव्हतं, त्यामुळे सभा नव्हती. सभा नव्हती, त्यामुळे आभारही कोणी मानले नाहीत. सुलभाताई मंडळात यायच्या बंद झाल्या.

यंदा पाळी आली खुद्द केळुसकरांची. प्रतिमाताईंनी सुरू केलेला रविवारचा मराठी वर्ग त्यांच्या माघारी केळुसकरांनी हाती घेतला होता. बावीस मुलं होती. आठवड्यात त्यांना कोणी 'आजोबा' म्हणायचं ते तिथेच. बाकीचे सहा दिवस ते कसेबसे ढकलत, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

मंडळाची सेक्रेटरी निधी, नागपूरची, कामाची पोरगी. ती घरी आली. "काका, टेन्शन नका घेऊ. अमेंडमेंट करू, पंधरा वर्षांची लिमिटच काढून टाकू. तुमच्या त्या जर्मनांनी पण केलीच असेल ना?"

"चार वेळा केली. दर वेळी मागणी वाढतच गेली."

"ते जाऊ द्या यार. प्रॉब्लेम वेगळा आहे. मी सगळ्यांना कॉल केले. नाटकवाल्या फॅमिलीज सुलभा मावशी म्हणतील तसं करणार. त्यांच्याशिवाय आपण शॉर्ट पडतो."

दोन दिवस केळुसकरांनी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी दुपारी, गाडीचं स्टिअरिंग हाताला भाजत असताना, ते सुलभाताईंकडे गेले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"त्या वर्षी तुम्ही नुसता एक फोन केला असतात, त्र्यंबकराव, तरी मी हसत सोडलं असतं," त्या म्हणाल्या. "मी येईन सभेला. हातही वर करीन. पण त्याआधी पंधरा वर्षांत मी काय केलं ते चारचौघांत सांगा. कोणी सांगितलंच नाही अजून."

"एवढंच ना?" केळुसकर म्हणाले. त्यांना हायसं वाटलं. घरी जाताना ते चक्क गुणगुणत होते.

सभेला हॉल भरला होता. केळुसकर उठले, घसा साफ केला. "सुलभाताईंनी पंधरा नाटकं केली. पहिलं त्या विहिरीतल्या बेडकाचं. मग..." ते थांबले. कुठल्या सालच्या जर्मन नौकेच्या जागी कुठली आली हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. इथे दुसरं नाटक आठवेना. आठवणार कुठून? नाटक सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी येणाऱ्याला आत सोडायचं नाही, हाही त्यांचाच नियम, आणि तो पाळायला पंधराही वर्षं ते दाराबाहेर उभे होते. आतून टाळ्या ऐकू येत, तेवढंच.

"सगळी वेळेवर सुरू झाली," ते म्हणाले.

दोघंतिघं हसले. सुलभाताई हसल्या नाहीत. केळुसकरांच्या कानशिलांपर्यंत शरम चढली. इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

निधीनं परिस्थिती सावरायला घाईघाईनं विचारलं, "ओके, कलम सातच्या बदलाला फेवरमध्ये कोण?"

पहिला हात वर गेला तो सुलभाताईंचा. दिलेला शब्द त्या पाळत होत्या. त्यांच्या मागोमाग नाटकवाली घरं, मग अख्खा हॉल.

"कलम काढून टाका," केळुसकर म्हणाले. "ते मी माणसांसाठी लिहायलाच नको होतं. पण माझी मुदत त्याआधी भरली, तशी सुलभाताईंची भरली होती. वर्ग दुसऱ्या कोणाला द्या."

"काका, अहो, पास झालंय," निधी म्हणाली.

ते ऐकत नव्हते. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत ते सुलभाताईंपर्यंत गेले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

"दुसरं कुठलं होतं?" त्यांनी विचारलं.

सुलभाताईंनी त्या दुसऱ्या नाटकाचा पहिला प्रवेश सांगायला सुरुवात केली.