गळ टाकण्याआधी

नांदूरघाटच्या आसपास कुणाच्या विहिरीत काही पडलं, की लोकांना आधी गळ आठवतो आणि मग अंजू. अंजूचा राग आहे तो या क्रमावर.

गळ म्हणजे वाकवलेल्या लोखंडी आकड्यांचा घोस. दोराला बांधून तो खाली सोडायचा आणि तळाशी खरवडत फिरवायचा. घागर किंवा बादली काढायला तो चांगला. पण माणूसही त्यानंच काढतात. पुरुष असेल तर आकडा सदऱ्याला लागतो. बाई असेल तर लुगड्याला, नाहीतर केसांना. वर ओढताना लुगडं सुटत जातं आणि तोवर काठावर अर्धं गाव मान लांब करून उभं असतं. यात कुणाला वावगं वाटत नाही. काम असंच होतं, असं म्हणतात.

अंजूचं माहेर गेवराईकडचं, गोदावरीच्या काठावरचं. घरी मेंढरं. लोकर कातरण्याआधी मेंढरं नदीत धुवायची असतात. भ्यालेलं मेंढरू डोहात जातं, भिजलेल्या लोकरीच्या ओझ्यानं बुडतं. मग त्याच्या खाली बुडी मारून पोटाला खांदा लावायचा आणि त्याला वर ढकलायचं. हे घरातल्या पोरींचं काम. अंजू पाण्याखाली डोळे उघडायला तिथंच शिकली.

तिची थोरली बहीण बबिता अशीच एका मेंढरामागे गेली. आदल्या आठवड्यात तिथं गुडघाभर पाणी होतं. मधल्या काळात वाळू उपसणाऱ्यांनी तिथं घर मावेल एवढा खड्डा केला होता. अंजू उतरायला निघाली, तर चुलत्यानं तिला दंडाला धरून मागं खेचलं. गडीमाणसं बघतील, म्हणाला. गडीमाणसांनी गळ टाकला. बबिता केसांनी वर आली. अंजूनं आपली ओढणी तिच्यावर टाकेपर्यंत बघायचं ते सगळ्यांनी बघून घेतलं होतं. रडण्याच्या आधी अंजूला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

लग्न होऊन ती नांदूरघाटकडे आली. नवरा बजरंग वर्षातला बराच काळ मेंढरं घेऊन बाहेर असतो. घरी ती आणि सासू बायडाबाई. मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, गाळात रुतला, पाइप निसटला, की गावाला अंजूची आठवण व्हायची. "बजरंगची बायको हाय का घरी?" असा निरोप यायचा. नाव घेऊन कुणी बोलवायचं नाही.

मग केजच्या एका जीवरक्षक पथकानं तलावावर शिबिर घेतलं. हवेची टाकी पाठीवर बांधून पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा, ते अंजू तिथं शिकली. गाळ ढवळला की बॅटरीचा उजेड डोळ्यांपुढेच भिंतीसारखा थांबतो. तेव्हा घाबरून वर यायचं नाही, हातानं दगड चाचपत राहायचं, हे तिला शिकवावं लागलं नाही. शिबिर संपलं. पथकात पोरं घेतली. पथकाचा प्रमुख अभिमन्यू तिला म्हणाला, "वैनी, तुमी काठावरच्या बायांना आवरा. रडारड लई असती. तेबी कामच हाय."

मागच्या उन्हाळ्यात त्रिंबकरावांची सून वर्षाराणी विहिरीत पडली. मोटारीचा पाइप हलवायला गेली आणि पाय घसरला, असं घरचे सांगत होते. गावात कुजबुज वेगळी होती. अंजूला कुणी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पडली कशी ते पोलिसांनी बघावं. वर कशी येती ते मी बघनार."

त्या विहिरीत तळाशी एका अंगाला कपार आहे. पूर्वी झऱ्याच्या मागानं खोदत नेलेली, माणूस आडवा होऊन जेमतेम शिरेल एवढी. वर्षाराणी उतरत्या दगडावरून घसरत त्या कपारीत गेली होती. पथकाची जीप आली. युवराज नावाचा पोरगा टाकी बांधून उतरला आणि वर आला.

"दिसत्यात पाय," तो म्हणाला. "पन टाकी दगडाला लागती. आत जाता येत न्हाई."

"मग गळ सोडा," अभिमन्यू म्हणाला. "पायाला लागला तरी येईल."

काठावरच्या बाभळीला गळ लटकवलेलाच होता. दोघं तो सोडवायला लागले. अंजू गर्दीतून पुढे आली. कमरेला तिनं नऊवारी लुगडं गुंडाळलेलं होतं, नेसलेल्या साडीवरून दुसरं.

"गळ टाकायचा न्हाई. टाकी पाठीवर कावून बांधायची? काढायची आन् पुढं ढकलीत न्यायची. द्या इकडं."

"पथकाची वस्तू हाय, वैनी. पथकाच्या मानसाबिगर देता येत न्हाई."

"पथकाच्या मानसाला कपारीत जाता येत न्हाई. आता?"

त्रिंबकराव बाजेवर बसून होते. त्यांना वेगळीच काळजी होती. "बाईमानसानं हिरीत उतरायचं, पानी बाटायचं. सगळं गाव पितंय हितलं."

अंजू त्यांच्याकडे वळली. "मामा, तुमची सून कालपासून त्याच पान्यात हाय. ती कोन होती?"

युवराजनं खांद्यावरची टाकी उतरवली आणि अभिमन्यूकडे न बघता तिच्यापुढे ठेवली.

कमरेला दोर बांधून ती उतरली. ठरलं होतं ते साधं: एक हिसका म्हणजे ढील द्या, दोन हिसके म्हणजे ओढा. कपारीच्या तोंडाशी तिनं टाकी पुढे सारली आणि मागोमाग शिरली. खांदे दोन्हीकडे घासत होते. गाळ उठला, उजेड गेला. हाताला वर्षाराणीचा घोटा लागला, त्यात पैंजण. आत थोडी जागा होती. तिनं कमरेचं लुगडं सोडून एक पदर तिच्या पायांखालून घेतला, आणि त्याच क्षणी वरून दोर ताणला गेला.

तिनं एकही हिसका दिलेला नव्हता.

ती उलटी मागं खेचली गेली. डोकं दगडावर आपटलं, तोंडातली हवेची नळी सुटली. अंधारात नळी शोधून, तोंडात धरून, दगडाला पाय लावून ती बाहेर निसटली. वर आली तेव्हा कपाळातून रक्त येत होतं.

"कोन वडलं?"

दोर अभिमन्यूच्या हातात होता. "लई वेळ झाला, वैनी. आमाला वाटलं गेली. काळजीपोटी वडलं."

"युवराज गेल्ता तवा न्हाई वाटली काळजी?"

"त्यो गडीमानूस हाय."

"त्याच्या छातीत दोन फुफ्फुसं जास्त हायती का? जिती होते मी! तुमच्या काळजीनं मेले आसते, मंग माझ्यासाठी बी गळ सोडला आसता!"

विहिरीत आवाज घुमला आणि काठावर सगळ्यांना ऐकू गेला. बायांच्या घोळक्यातून बायडाबाई पुढे आली. विहिरींवर मोटारी येण्याआधी तिनं अर्धं आयुष्य पोहऱ्यानं पाणी शेंदण्यात काढलं होतं. खाली पोहरा भरला, का कलंडला, का दगडाला टेकला, हे तिला दोरावरून कळायचं. गावातल्या तिच्या वयाच्या प्रत्येक बाईला कळायचं. त्या दिवशी काठावर अशा कितीतरी बाया उभ्या होत्या. दोर धरायला त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"आन हिकडं," ती अभिमन्यूला म्हणाली. "बैलाच्या कासऱ्यावानी धरलाय. सोड."

"आजी, वजन झेपायचं न्हाई तुमाला."

"वडताना तू ये मागं. धरनार मी."

अंजूनं वर बघितलं. "आत्याबाई, मी सांगितल्याबिगर वडायचं न्हाई."

"जा तू."

अंजू परत उतरली. या वेळी दोर तिच्यामागे पाण्यासारखा आला. जेवढा हवा तेवढाच, ना ओढ ना झोल. आत बराच वेळ गेला. वर अभिमन्यू दोनदा म्हणाला, "बगा की, वडू का?" बायडाबाईनं मान वर केली नाही. "काम करतीय ती. कळतंय मला," एवढंच बोलली.

मग दोन हिसके आले.

अंजूनं कमरेचा दोर सोडून तिला बांधला होता; वर्षाराणी लुगड्यात गुंडाळलेली वर आली, मागोमाग अंजू. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, पदराची गाठ छातीवर पक्की. मोबाइल वर धरून उभे असलेले बरेच जण होते. त्यांना हिरव्या लुगड्याशिवाय काही मिळालं नाही. वर्षाराणीच्या आईनं गाठीवर हात ठेवला आणि ती कुणाला सोडू दिली नाही.

पुढचं ठरल्यासारखं झालं. पंचनामा झाला. अभिमन्यू एका चॅनलवाल्याला पथकाच्या शर्थीबद्दल सांगत राहिला. त्रिंबकरावांनी विहीर उपसून, गोमूत्र शिंपडून शुद्ध करायची ठरवली. ते मेलेल्या सुनेसाठी होतं का उतरलेल्या बाईसाठी, हे त्यांनी सांगितलं नाही.

अंजू कपाळाला फडकं बांधून बाभळीकडे गेली. गळ अजून लटकत होता. तिनं दोर सोडून तो हातात घेतला, विहिरीच्या काठावर आली आणि कपारीच्या बाजूला, जिथं पाणी सगळ्यात खोल आहे, तिथं नुसताच टाकून दिला.

"आगं, गावाचा हाय तो!" त्रिंबकराव ओरडले.

"मंग गावानं काढावा," ती म्हणाली, आणि बायडाबाईच्या हातातला ओला दोर गुंडाळायला लागली.