शब्बीर मिस्त्रींनी अडवलेला नव्हे, सोडवलेला वारा

आधी सांगा, आमच्या पिकअपच्या टपावरचा पत्रा कोणी काढला? मिस्त्रींच्या पंचाहत्तरीची मिरवणूक म्हणून गौरव समितीनं गाडी मागितली, आम्ही दिली. काल मिरवणुकीच्या तालमीहून परत आली ती पत्र्याविना. त्याजागी मिस्त्रींच्याच फोटोचा भिंतीएवढा फ्लेक्स, वाऱ्याला आडवा. मी हबकलेच. ज्यांनी उभा जन्म वाऱ्याला वाट करून दिली, त्यांच्याच तोंडानं वारा अडवलात?

आता समितीच्या सगळ्यांना नमस्कार.

मिस्त्रींची आमची ओळख मांजरसुंब्याला, त्यांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये झाली. आमचा मंडपाचा धंदा. पिकअप बुटकी, मागचा ट्रेलर उंच. सरळ रस्त्यालाही गाडी मागं ओढायची, डिझेल लई प्यायची. सगळे म्हणाले, इंजिन उतरवा. मिस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

"आक्का, जुनं लुगडं हाय का?"

त्याच्या चिंध्या त्यांनी ट्रेलरच्या तोंडावर चिकटवल्या, माझ्या लेकाला, दत्ताला गाडी घेऊन हायवेला पिटाळलं, आणि स्वतः मोटारसायकलवर शेजारून बघत गेले. परत येऊन म्हणाले, "चिंध्या येड्यावानी गरगरत्यात. टपावरचा वारा मधल्या फटीत पडतो अन् ट्रेलरच्या छातीवर धडकतो. इंजिनाला कशापायी शिव्या देता?"

मग टपावर बाक दिलेला पत्रा बसवला, फटीच्या दोन्ही बाजूंना रेक्झिनचे पडदे लावले. पहिल्याच वळणाला पडदे टरकले. दुसऱ्या कोणी ड्रायव्हरवर ढकललं असतं. मिस्त्री चारचौघांत म्हणाले, "वळण इसरलो. चूक माझी हाय." पुन्हा सैल सोडून शिवून दिले. तेव्हापासून आष्टीपर्यंत गाडी कुरकुरली नाही.

आमचीच नाही, इथल्या कितीतरी गाड्यांची फट त्यांनी बुजवली. शिकायला आलेल्यापासून कधी काही झाकून ठेवलं नाही.

काल तो फ्लेक्स घेऊन दत्ता आला, तेव्हा ट्रेलर असा झुलत होता की त्यानं गाडी मिस्त्रींच्या शेडपाशीच थांबवली. मिस्त्री बाहेर आले. स्वतःच्या फोटोकडं बघितलं नाही, टपाकडं बघितलं.

"पत्रा कुठं गेला?"

फ्लेक्ससाठी समितीनं काढला, असं दत्तानं सांगितलं.

"मग माझा सत्कार कशाचा करताव?" एवढं बोलून ते आत गेले. सत्काराला येत नाहीत म्हणून निरोप आलाय.

मिस्त्रींना शंभरी लाभो, हातात बळ आणि नजरेत हीच धार राहो. त्यांना मी आणते, ते माझ्याकडं लागलं. पण स्टेजवर ते तोच सवाल करतील. तेव्हा उत्तर समितीच्या अध्यक्षांनी द्यायचं, उभं राहून, माईकवर. फ्लेक्स बांधणाऱ्या पोरांकडं बोट दाखवायचं न्हाई.