खिचडीवाल्या मावशी आणि बुलढाण्याची वाट

मोताळ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीच्या वर्गाला शिकवते. धाकटी लेक वर्षाची झाली त्या सुमाराला माझं मन हळूहळू बसत गेलं. रडू यायचं नाही, घरात भांडणही नव्हतं. फळ्यावर गणित मांडायचे आणि पुढची पायरी सुचायची नाही. नवरा म्हणायचा, दगदग होते तुझी, चार दिवस माहेरी जाऊन ये. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सगळं ठीक निघालं. मग तर जास्तच लाज वाटायला लागली. नोकरी आहे, लेकरं आहेत, मग मला झालंय तरी काय?

हे ओळखलं ते शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. माझा डबा रोज भरलेलाच परत जातो, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. एका दुपारी पोरं जेवून खेळायला गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"बाई, तुम्ही जेवत काऊन नाही?"

ॲसिडिटी आहे, असं मी सांगितलं.

"माह्या मालकाले असंच झालं होतं. वावरात जाये अन् बांधावर नुसता बसून राहे. लोक म्हणे आळशी झाला. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर हाये, त्यानं बरा केला. तुम्ही रजा टाका, मी येतो संगं."

सोमवारी त्यांनी खिचडीच्या कामावर आपल्या जावेला उभं केलं आणि आम्ही एसटीत बसलो. राजूरचा घाट चढताना मला परत फिरावंसं वाटत होतं. ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, सांगा की म्हातारीला दाखवायला आणलं.

डॉक्टर तरुण होते. झोप, भूक, बाळंतपण सगळं विचारून झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का कधी?" मी आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. ते शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होते. हा आजार आहे, तुमचा दोष नाही, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या वेळी नवऱ्याला सोबत आणायला सांगितलं.

नवऱ्याला सांगायला मला दोन दिवस लागले. तो चिडला नाही, पण घाबरला. दवाखान्यात डॉक्टरांशी बोलल्यावर त्याची भीती कमी झाली. धाकटीचं सकाळचं सगळं त्यानं आपल्याकडे घेतलं, मला झोपू दिलं.

पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही. गोळ्या सोडून द्याव्याशा वाटायच्या. शाळा सुटली की मावशी मला गावाबाहेरच्या रस्त्यानं चालायला न्यायच्या. सोयाबीन, सून, दुखणारे गुडघे, त्याच बोलत राहायच्या. एक दिवस चालताना मला कडकडून भूक लागली. तसं मी म्हणताच मावशी रस्त्यातच थांबून हसल्या.

पुढे दीड वर्षानं डॉक्टरांनीच गोळ्या कमी करत बंद केल्या. अजूनही कधी मन जड होतं, तेव्हा मी नवऱ्याला वेळीच सांगते आणि चालणं चुकवत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, शिक्षकांच्या बैठकीत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. बैठक संपल्यावर बाहेर चहा घेताना एक वयस्कर गुरुजी जवळ आले आणि हळू आवाजात विचारू लागले, बुलढाण्याला तो डॉक्टर कोणत्या वारी बसतो. मी वार सांगितला. सोबत येते, असंही मी त्यांना म्हटलं.